उन्हाळ्यातला स्कार्फ : कापड कोणते घ्यावे, बांधावा कसा आणि सोडावा कधी

मार्च अर्धा सरला की रस्त्यावरचे ओळखीचे चेहरे दिसेनासे होतात. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळे झाकून घेतात. नागपूर-अकोल्याकडे पुरुषही पांढरा दुपट्टा डोक्या-कानांवरून गुंडाळल्याशिवाय दुपारी बाहेर पडत नाहीत. शेतावर बागायतदार रुमाल किंवा पंचा असतो आणि बाजाराला निघालेल्या आजींच्या डोक्यावर पदर. सवय चांगली आहे. उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीत इतकी स्वस्त आणि सोपी गोष्ट क्वचितच सापडेल.

तरीही एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "डॉक्टर, स्कार्फ बांधूनच गेले होते हो, मग ऊन लागले कसे?" विचारणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. स्कार्फ खरोखरच बांधलेला असतो. पण कापड घाम आणि हवा अडवणारे असते, किंवा तो इतका आवळलेला असतो की आत वारा शिरत नाही, किंवा "स्कार्फ आहे ना" या भरवशावर एरवीपेक्षा तासभर जास्त उन्हात काढलेला असतो. बहुतेक वेळा या तिन्हींपैकी दोन गोष्टी एकत्र असतात. म्हणून स्कार्फ शरीरासाठी काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे आधी पाहू. कसा बांधायचा ते मग सोपे होते.

स्कार्फ नेमके काय करतो?

भर दुपारी उघड्यावर उभे राहिल्यावर तुम्हाला दोन प्रकारची उष्णता मिळते. एक थेट सूर्याच्या किरणांमधून आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावरून, भिंतींवरून येणारी. दुसरी भोवतालच्या गरम हवेतली. स्कार्फ पहिल्या प्रकारची उष्णता बऱ्यापैकी अडवतो. दुसरीवर त्याचा फारसा इलाज नाही. म्हणजे स्कार्फ ही डोक्यावर घेऊन फिरायची सावली आहे. झाडाखाली उभे राहिलात तरी हवा ४३ अंशांचीच असते, तसेच हे.

आता शरीराची बाजू बघा. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तर शरीरातली उष्णता आपसूक हवेत जाते. हवा त्याहून गरम झाली की हा रस्ता बंद होतो, उलट हवाच आपल्याला तापवू लागते. मग शरीराजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. ठिबकून जमिनीवर पडलेला घाम शरीराला गार करत नाही. ओल्याचिंब, गच्च बसलेल्या कापडाखाली अडकलेल्या घामाचेही तेच. पाणी आणि मीठ मात्र शरीरातून गेलेले असते.

म्हणून उन्हाळ्यातल्या स्कार्फची खरी कसोटी दोन प्रश्नांची आहे : ऊन अडते का? आणि घाम वाळतो का? जिममध्ये घालतात तसल्या चकचकीत, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा स्कार्फ तीन पदरांनी आवळून बांधला, तर पहिल्याचे उत्तर "हो" आणि दुसऱ्याचे "नाही" येते.

वाळवंटातल्या बेदुईन लोकांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. ते काळे झगे घालतात, आणि काळा रंग तर जास्त उष्णता शोषतो. मग ते भाजून कसे निघत नाहीत? १९८० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता हे खरे, पण आतल्या माणसापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच निघाली. कारण झगा सैल होता. कापड आणि त्वचा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत हवा खेळत होती आणि कापडाने शोषलेली जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोहोचण्याआधीच निघून जात होती. रंगाच्या चिंतेत पडण्यापेक्षा स्कार्फ सैल ठेवण्याकडे लक्ष द्या, असे मी सांगतो ते यामुळेच.

विदर्भातला उन्हाळा वेगळा, कोकणातला वेगळा

एकच सल्ला सगळ्या महाराष्ट्राला लागू होत नाही. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार करताना सपाट प्रदेशासाठी कमाल तापमान किमान ४० अंश धरते आणि किनारपट्टीसाठी ३७. कारण किनाऱ्यावर हवेत बाष्प जास्त असते आणि घाम लवकर वाळत नाही.

चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव या भागात मे महिन्याची दुपार कोरडी आणि त्वचेपेक्षा कितीतरी गरम असते. तिथे दुचाकीवर तोंडावर येणारा वारा गारवा देत नाही, भट्टीसारखा भाजतो. अशा हवेत डोके, कान, गाल, मान सैल सुती कापडाने झाकून घेणे शहाणपणाचे आहे. कापड गरम वाऱ्याचा मारा थोडा थोपवते आणि घाम कोरड्या हवेत भराभर वाळतो. तिथल्या जुन्या माणसांनी पांढरा सुती दुपट्टा निवडला तो अनुभवातूनच. (त्याच अनुभवाच्या यादीतला खिशातला कांदा मात्र मला मान्य नाही. खिशातला कांदा शरीराचे तापमान कमी करत नाही. तो जेवणात खा.)

मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात हवा ३४-३५ अंशांची आणि दमट असते. तिथे अंगाला लागणारा वारा हाच मोठा आधार असतो. चेहरा-मान गुंडाळून तो वारा अडवलात तर घुसमट होते, घाम निथळत राहतो आणि घामोळ्या येतात. किनारपट्टीवर चालताना छत्री किंवा रुंद काठाची टोपी अधिक चांगली. स्कार्फ डोक्यावरून नुसता सोडावा, मान आणि गळा शक्यतो मोकळा ठेवावा.

कापडाची निवड

मलमल, वॉइल, केंब्रिक, पातळ खादी, लिनन यांपैकी काहीही चालेल. ही कापडे घाम शोषतात आणि त्यांतून हवा जाते. पॉलिस्टर, जॉर्जेट, शिफॉन दिसायला तलम असतात, चुरगळत नाहीत आणि स्वस्तही पडतात, पण घाम शोषत नाहीत. शिवाय निसटतात, म्हणून माणूस ते अधिक आवळून बांधतो. दुकानात "कॉटन" म्हणून बऱ्याचदा मिश्र कापड मिळते. हातात घेऊन बघा. सुती कापड मुठीत चुरगळून सोडले की घड्या राहतात आणि पाण्याचा थेंब टाकला की तो चटकन पसरतो.

पातळ कापडाची एक अडचण आहे. अतिनील किरण त्यातून आत येतात. कापड किती किरण अडवते हे 'यूपीएफ' या आकड्याने सांगतात. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग आत येतो, यूपीएफ ५ म्हणजे पाचातला एक. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा हा आकडा ५ ते ७ च्या आसपास असतो. जाळीदार मलमलीचा त्याहून चांगला असण्याचे कारण नाही. पण म्हणून जाड कापड गुंडाळण्याची गरज नसते. पातळ कापडाचे दोन सैल पदर घेतले की संरक्षण वाढते आणि हवाही खेळती राहते.

घेताना दोन सोप्या चाचण्या करा. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा जाणवला पाहिजे. मग दोन पदर करून दिव्यासमोर धरा. दिव्याचा आकार अगदी स्पष्ट दिसत असेल तर कापड फार विरळ आहे. पहिल्या चाचणीत पास आणि दुसऱ्या चाचणीत जेमतेम पास होणारे कापड घ्या.

रंगाचे म्हणाल तर फिकट रंग उष्णता कमी शोषतात, गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आवडेल तो घ्या. फिकट निळा, पिस्ता, गुलाबी, बदामी हे रंग कपाटातल्या बहुतेक कपड्यांवर जातात. बारीक ठशांची छपाई असेल तर घामाचे आणि धुळीचे डाग कमी दिसतात. पांढरा रंग सर्वांत सोयीचा, पण रोज धुवावा लागतो, आणि खरे तर कोणताही रंग रोजच धुवायला हवा.

दिसण्याचा मुद्दा मी मुद्दामच काढतो. पेशंटला नुसते "डोके झाकत जा" म्हटले की विशेषतः तरुण मुले मान डोलावतात आणि तसेच उघडे फिरतात. जी वस्तू अंगावर बरी दिसते तीच रोज वापरली जाते. मुलांनो, साध्या शर्टावर मानेभोवती सैल सोडलेला सुती पंचा किंवा चौकड्याचा रुमाल आता वाईट दिसत नाही. आणि गरज पडेल तेव्हा तोच डोक्यावर येतो.

बांधायचा कसा?

*पायी चालताना.* दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद स्टोल पुरतो. तो डोक्यावर असा ठेवा की पुढची कड कपाळाच्या दोन बोटे पुढे येईल. कपाळाला चिकटवू नका, ती छोटी झालर डोळ्यांवर सावली धरते. एक टोक गळ्यासमोरून विरुद्ध खांद्यावर मागे टाका, दुसरे छातीवर सैल सोडा. गाठ नको, पिन नको. गळ्यापाशी चार बोटे सहज शिरतील एवढी जागा असावी. मानेची मागची बाजू झाकली गेली आहे ना, हे एकदा हाताने चाचपून पाहा. लोक चेहरा जपतात आणि मान विसरतात. केस वर बांधलेले असतील तर मान पूर्ण उघडी पडते.

*टोपीखाली.* एक मीटर चौरस रुमाल डोक्यावर ठेवून वर टोपी घातली आणि रुमालाची मागची बाजू मानेवर, बाजू कानांवर सोडल्या, की क्रिकेटच्या मैदानावर, शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्याला याहून चांगली व्यवस्था नाही. हात मोकळे राहतात, गळ्याभोवती काहीच नसते आणि वारा आत शिरतो.

*दुचाकीवर.* इथे थोडा वेळ घ्या. आधी केस मानेवर खाली बांधा, डोक्याच्या वरच्या भागात अंबाडा नको. स्कार्फचा एकच पदर डोक्यावर सपाट बसवा, त्यात सुरकुती किंवा पीळ नको. एक टोक नाकावरून नेऊन दुसऱ्या कानामागे आणा आणि मानेमागे, हेल्मेटच्या कडेच्या खाली, एक साधी सैल गाठ मारा. उरलेली दोन्ही टोके कुर्त्याच्या किंवा सनकोटाच्या आत खोचा. मग हेल्मेट घाला आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. आता दोन्ही हातांनी हेल्मेट मागून पुढे ढकलून पाहा. ते डोळ्यांवर घसरत असेल किंवा डोक्यावर फिरत असेल, तर स्कार्फ फार जाड आहे. हेल्मेटखाली गाठ किंवा जाड घडी असली तर पडल्यावर हेल्मेट जागेवर राहत नाही आणि ते घालण्याचा मूळ हेतूच जातो. मान वळवून दोन्ही बाजूंचे रस्ते दिसतात का आणि हॉर्न ऐकू येतो का, हेही गाडी सुरू करण्याआधी बघा.

*साडीवर.* पदर डोक्यावरून घेणे पुरेसे असते. मात्र साडी सिंथेटिक असेल तर पदराखाली एक सुती रुमाल ठेवा. उन्हातून परतल्यावर "पदराने डोके तापते" अशी तक्रार अनेक जणी करतात, ती बहुधा सिंथेटिक पदराची असते.

आणि सावलीत, बसमध्ये, ऑफिसात शिरलात की स्कार्फ सोडा. पूर्ण सोडा. गळ्याभोवती वेढे तसेच ठेवून पंख्याखाली बसल्याने काही साधत नाही. दिवसभर बांधून ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

ओढणीचे टोक आणि चाक

माझ्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. उन्हापासून वाचण्यासाठी घेतलेले कापड जीवघेणे ठरते ते बहुधा एकाच पद्धतीने : मोकळे टोक फिरत्या वस्तूत अडकते. नर्तिका इसाडोरा डंकन यांचा १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात असाच मृत्यू झाला. त्यांचा लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंतला होता. आपल्याकडे मोटारसायकलचे मागचे चाक, ई-रिक्षा, कडबाकुट्टी, मळणी यंत्र, पिठाच्या गिरणीचा पट्टा, रसवंतीचा चरक ही सगळी तशीच ठिकाणे आहेत.

काय होते ते समजून घ्या. चाक फिरत असते, टोक त्यात गुंडाळले जाते आणि क्षणार्धात गळ्याभोवतीचा वेढा आवळतो. हात गळ्याकडे जाण्याइतकाही वेळ मिळत नाही. श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राला इजा होते, मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, मणक्याला झटका बसतो आणि माणूस गाडीवरून मागे खेचला जातो. स्कार्फ जितका मजबूत आणि गाठ जितकी पक्की, तितके वाईट.

मागच्या चाकाची जाळी, जिला आपण साडी गार्ड म्हणतो, ती शोभेची नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण सांगितलेले आहे. अनेक तरुण गाडी "स्पोर्टी" दिसावी म्हणून ते काढून टाकतात. आई किंवा बहीण मागे बसणार असेल तर ते पुन्हा बसवून घ्या.

बाकी काळजी साधी आहे. गाडीवर बसताना बांधून झाल्यावर स्कार्फचे टोक कमरेच्या खाली येता कामा नये. मागे बसणारीने ओढणी मांडीवर गोळा करून तिच्यावर बसावे किंवा कमरेला खोचावी. ओढणी गळ्यात वेढा घालून दोन्ही टोके पाठीवर सोडण्याची पद्धत दुचाकीवर आणि रिक्षात नकोच. यंत्रावर काम करणाऱ्यांनी गळ्यातला रुमाल काढून ठेवावा. डोक्याला घट्ट बसणारी टोपी किंवा टोके पूर्ण खोचलेले मुंडासे चालते.

असा अपघात समोर घडला तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि कापड कापा. कात्री, विळा, चाकू, हाताला येईल ते घ्या. कापड ओढून सोडवण्याच्या भानगडीत पडू नका. जखमी व्यक्तीची मान न हलवता आडवे करा आणि १०८ ला फोन करा. ती उठून बसली, बोलू लागली तरी रुग्णालयात नेणे टाळू नका. गळ्याच्या आत सूज हळूहळू वाढते आणि काही तासांनी श्वास अडू शकतो. आवाज घोगरा होणे, थुंकी गिळताना दुखणे, श्वास घेताना घर्र आवाज येणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

भिजवून बांधावा का?

कोरड्या हवेत हो, थोड्या वेळासाठी. ओल्या कापडातले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते, म्हणजे शरीराचा थोडा घाम वाचतो. पण यात एक फसगत आहे. मानेला ओला गारवा लागला की खूप बरे वाटते. हे बरे वाटणे मुख्यतः त्या जागेच्या त्वचेचे असते. शरीराच्या आतले तापमान तेवढ्याने फारसे उतरत नाही. माणसाला वाटते आपण गार झालो आणि तो काम करत राहतो. तेव्हा ओला रुमाल मानेवर टाकून विसावा घ्या, तो टाकून कामाचे तास वाढवू नका.

दमट हवेत ओला स्कार्फ वाळतच नाही, अंगाला चिकटून बसतो. शिवाय ओले सुती कापड अतिनील किरण कोरड्यापेक्षा कमी अडवते. नाकातोंडावर तर ओले कापड बांधूच नये, श्वास घ्यायला जड जाते.

त्वचा, केस आणि श्वास

चेहऱ्यावर वांग असलेल्यांना स्कार्फचा चांगला फायदा होतो, कारण उन्हाने वांग गडद होतात. पण स्कार्फ हे सनस्क्रीनला पूरक आहे, पर्याय नाही. दोन्ही वापरा.

उलट बाजूने, गालावर आणि हनुवटीवर घामट कापड घासून मुरुम वाढतात. मानेवर आणि छातीवर शिबे म्हणजे पांढुरके-तपकिरी डाग येतात, केसांत कोंडा होतो. यावर मलमांपेक्षा धुलाई जास्त उपयोगी आहे. दोन-तीन स्कार्फ ठेवा, रोज बदला, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून कडक उन्हात वाळवा. घामाने ओला झालेला स्कार्फ गाडीच्या डिकीत कोंबून दुसऱ्या दिवशी तोच नाकावर बांधणे हा प्रकार फार दिसतो. तो बंद करा. नवा स्कार्फ एकदा धुऊनच वापरा. कच्चा रंग आणि खळ यांनी काहींना खाज येते. घरात डोळे आलेत, उवा आहेत किंवा गजकर्ण आहे, अशा वेळी स्कार्फ एकमेकांत फिरवू नका.

कपाळावर पट्टा ताणून बांधल्याने डोके दुखते. बाहेरच्या दाबामुळे होणारी ही डोकेदुखी दाब काढल्यावर साधारण तासाभरात थांबते. गोळी घेण्याआधी गाठ सैल करून पाहा. अर्धशिशी असणाऱ्यांना मात्र याने झटका येऊ शकतो. केस ताणून वर घट्ट बांधायची रोजची सवय असेल तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ लागतात, तिकडेही लक्ष असू द्या.

धुराचे काय? सुती कापड रस्त्यावरची मोठी धूळ आणि कचरा अडवते. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण त्यातून आरपार जातात. दमा असेल आणि रोज वर्दळीच्या रस्त्यावरून जावे लागत असेल तर नीट बसणारा एन-९५ मास्क घ्या. स्कार्फमागे धाप लागत असेल तर नाक मोकळे करा आणि इनहेलर जवळ ठेवा.

कोणी जास्त जपावे

एक वर्षाखालच्या बाळाला दुपारी गाडीवरून नेताना ओढणीत पूर्ण गुंडाळतात, चेहऱ्यावरही कापड घेतात. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, घाम काढण्याची क्षमता कमी असते आणि गरम होतेय हे त्याला सांगता येत नाही. बाबागाडीवर चादर टाकली तरी आतली हवा कोंडून तापते. बाळासाठी सावली वरून धरा, छत्री किंवा टपाची असू द्या, आणि चेहरा मोकळा ठेवा. शक्यतो ती फेरी सकाळी किंवा संध्याकाळी करा. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या गळ्यात खेळताना स्कार्फ बांधू नका, टोपी द्या.

वय ६५ च्या पुढे असेल, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर उष्णता कमी सोसते. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या आणि मनोविकारांवरच्या गोळ्या यांनीही शरीरातले पाणी किंवा घाम कमी होतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. उन्हाळा सुरू होताना एकदा डॉक्टरांना विचारून घ्या आणि दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका, स्कार्फ असो वा नसो.

स्कार्फ, सनकोट, हातमोजे असे सगळेच झाकणाऱ्यांना व्हिटॅमिन डी कमी पडेल का, असे विचारले जाते. कमतरता आपल्याकडे एरवीही बरीच आहे. त्यासाठी दुपारी चेहरा भाजून घेण्याची गरज नाही. शंका असेल तर तपासणी करून पूरक औषध घेता येते.

आणि पाणी. तहान लागण्याची वाट पाहू नका. ताक, पन्हे, कोकम सरबत, जास्त घाम गेला असेल तर ओआरएस. घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवी गडद पिवळी झाली असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

चक्कर आली, डोके धरले, तर

उन्हात मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, अशक्तपणा, खूप घाम अशी लक्षणे दिसली की पहिली कृती स्कार्फ सोडण्याची. मान, डोके, छाती मोकळी करा, सावलीत आडवे व्हा, पाय थोडे उंच ठेवा आणि घोट घोट ओआरएस प्या. अर्ध्या तासात बरे वाटायला हवे.

पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, झोकांड्या देऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, आणि अंग तापलेले आहे, तर तो उष्माघात समजा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. अंग कोरडेच असेल असे नाही, काबाडकष्ट करताना कोसळलेल्या माणसाला घामही असतो. ही जीवघेणी आणीबाणी आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. जाड कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, पंखा किंवा पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. बर्फ असेल तर तोच स्कार्फ फाडून त्यात बर्फ बांधून काखेत, मानेवर आणि जांघेत ठेवा. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती काम करत नाही. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका, ते फुप्फुसात जाते. त्याला कुशीवर वळवा. आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे आणि वारा घालणे चालू ठेवा.